पोर्ट्रेटसाठी रोलचा कॅमेरा की डिजिटल? नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, की पोर्ट्रेट शिकायचेत, फिल्मवर शिकू का डिजिटलवर? आणि विचारतानाच त्याच्या हातात एखादा जुना कॅमेरा असतो, काकांच्या कपाटात सापडलेला नाहीतर चोरबाजारातून घासाघीस करून आणलेला, म्हणजे मनात उत्तर ठरलेलंच असतं, माझ्याकडून फक्त "हो" हवं असतं. "फिल्मला कसा एक फील असतो ना" हे वाक्य तर येतंच येतं. असतो, मी कुठे नाही म्हणतोय. पण नुसत्या फीलवर कॅमेरा घेतला की तीन रोलनंतर तो परत कपाटात जाऊन बसतो हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय, माझंही एकदा झालंय. म्हणून मी सगळ्यांना कॅमेरा बाजूला ठेवून आधी दुसराच प्रश्न विचारतो.

समोर कोण बसणार आहे?

माझ्या मामांचा तासगावात फोटो स्टुडिओ होता. मागच्या खोलीत लाल बल्ब, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या इंदू कागदाची पाकिटं, हायपोचा (फोटो पक्का करायच्या औषधाचा) तो आंबटसर वास, आणि समोर स्टँडवर यशिका मॅट, दोन डोळ्यांचा. त्यात वरून वाकून बघायला लागतं. मामा मान खाली घालून काचेत बघत बसायचे आणि गिऱ्हाइकाला वाटायचं अजून काही सुरू झालेलं नाही, तो आपला खांदे सैल सोडून इकडेतिकडे बघायचा, तेवढ्यात खट. मामा म्हणायचे, "माणसाच्या डोळ्याला डोळा लावून बंदूक धरल्यागत कॅमेरा धरला की तो घाबरतोच रे."

पुढे बऱ्याच वर्षांनी मी आजीचे फोटो काढायला बसलो, डिजिटलवर. पहिला क्लिक झाला की आजी लगेच, "दाखव बघू." दाखवला. "अगं बाई, पदर सरकलाय." पदर नीट. दुसरा क्लिक. "दाखव." आता ओठ मिटले, कारण दात पडलेले दिसले. दहाव्या फोटोपर्यंत माझ्यासमोर आजी नव्हती, आजीचा पासपोर्ट फोटो होता. नंतर एकदा रोलच्या कॅमेऱ्यावर काढले, तिने दोनदा विचारलं दाखव म्हणून, मी म्हटलं यात दिसत नाही, धुवायला लागतो, तर "हां, आपल्या दादासारखा होय" म्हणाली (दादा म्हणजे मामा) आणि विसरून गवारीच्या शेंगा मोडत बसली. त्या १२ फोटोंतले चार आज घरात लागलेत.

पण ह्याच्या बरोब्बर उलटंही होतं, आणि ते लोक सांगत नाहीत. माझी भाची पंधरा वर्षांची, चेहऱ्यावर पिंपल्स, फोटो म्हटलं की हात आडवा. तिच्यापुढे रोलचा कॅमेरा धरला असता तर ती कायमची बिथरली असती, कारण आपण कसे दिसतोय हेच कळत नाही. तिला डिजिटलच्या मागच्या पडद्यावर पाच-सहा फोटो दाखवले, खिडकीचा उजेड कडेने आला की कशी दिसतेस बघ म्हटलं, नको असलेले तिच्यासमोर डिलीट केले, आणि मग ती स्वतःच बसायला लागली.

तर पहिली पायरी ही: कागद घ्या आणि पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही खरोखर कुणाचे फोटो काढणार आहात त्यांची नावं लिहा. आईवडील, मित्र, नाटकातली पोरं, मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ करायला निघालेली मैत्रीण, जे असेल ते. प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी लिहा. त्याला फोटो कधी हवाय, आज रात्री की पुढच्या महिन्यात चालेल? आणि पडदा दाखवला तर तो खुलतो का आखडतो? यादीत "आज रात्री" जास्त असेल तर विषय संपला, डिजिटल घ्या. पैसे घेऊन काम करायचं असेल तरी डिजिटल. लग्न, मुंज, डोहाळजेवण, जे परत होणार नाही ते सगळं डिजिटल, ह्याचं कारण पुढे सांगतो, त्यात माझीच फजिती आहे.

मग पैसे

भाव सारखे हलतात म्हणून आजचा भाव दुकानात विचारून घ्या, मी हिशोबापुरते गोल आकडे धरतो. रोल १०००, धुणं आणि स्कॅन मिळून ५००. ३५ एमएमच्या रोलमध्ये ३६ फोटो, म्हणजे एका क्लिकला साधारण ४२ रुपये. यशिकासारख्या, १२० नावाच्या रुंद रोलच्या चौकोनी कॅमेऱ्यात १२ फोटो, तिथे तेच पैसे धरले तर क्लिकला १२५. डोळे मिटलेला फोटोही ४२ रुपयांचाच.

महिन्याला एक रोल म्हटलं तर वर्षाचे १८,००० होतात, तेवढ्यात जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) आणि ५० एमएमचा लेन्स शोधायला सुरुवात करता येते. आणि शिकायच्या काळात महिन्याला ३६ क्लिक म्हणजे काहीच नाही, तेवढे तर नुसतं फोकस हाताला बसायला लागतात. "फिल्म तुम्हाला शिस्त लावते" असं लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण आधी थोडं येत असेल तर. ज्याला अजून शटर स्पीड आणि अ‍ॅपर्चर (उजेड किती वेळ आणि केवढ्या छिद्रातून आत येतो ते) गोंधळायला होतं त्याला रोल फक्त पंधरा दिवसांनी कळवतो की चुकलं, का चुकलं ते सांगत नाही, कारण रोलवर कुठलंच सेटिंग लिहून येत नाही. डिजिटल फाइलमध्ये सगळं लिहिलेलं असतं.

दुसरी बाजू पण सांगतो. डिजिटलमध्ये क्लिक फुकट आहे म्हणून माणूस एका बैठकीत ६०० फोटो काढतो आणि मग निवडायला बसतच नाही. माझ्या एका मित्राच्या हार्ड डिस्कवर त्याच्या बायकोचे हजारो फोटो आहेत आणि भिंतीवर एकही नाही, वहिनी हे दर दिवाळीला सगळ्यांसमोर सांगतात.

काही विकत घ्यायच्या आधी एक प्रयोग करा

हा मी सगळ्यांना करायला लावतो आणि अर्ध्या लोकांचं उत्तर इथेच मिळतं. कुणाचाही डिजिटल कॅमेरा एका दुपारीपुरता मागून आणा. मागच्या पडद्यावर पुठ्ठा ठेवून चिकटपट्टीने बंद करा, आणि मेनूत जाऊन फोटो आपोआप दिसायचं बंद करा, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्येही दिसायला नको. आयएसओ (उजेड किती पटकन टिपायचा तो आकडा) ४०० वर ठेवा आणि दिवसभर हात लावू नका. मोड मॅन्युअल. फोटो ३६, सदतिसावा नाही. काढून झाले की कार्ड काढून डब्यात ठेवा आणि एक आठवड्याने उघडा.

त्या आठवड्यात तुमचं काय होतं ते बघा. कुणाला मजा येते, रोज डब्याकडे बघतात, कुणाचा फोटो कसा आला असेल ह्याचा विचार करत झोपतात, ती माणसं रोलवर टिकतात. कुणाला तिसऱ्याच फोटोला चिकटपट्टी काढावीशी वाटते, त्यांनी काढावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही, बघत बघत सुधारणं हीही शिकायची चांगलीच पद्धत आहे. फिल्मच्या जमान्यातले मोठे स्टुडिओवालेसुद्धा रोलच्या आधी पोलरॉइड, म्हणजे जागेवरच तयार होणारा फोटो, काढून उजेड तपासून घ्यायचेच, म्हणजे बघायची हौस त्यांनाही होती, फक्त ती महाग पडायची. आपल्याकडे सिनेमावाल्यांचे पोर्ट्रेट काढणाऱ्या गौतम राजाध्यक्षांनी ८० आणि ९० च्या दशकात काढलेले चेहरे आठवा, ते फिल्मवरचे, पण लोकांच्या लक्षात राहिलाय तो चेहऱ्यावरचा मऊ उजेड आणि समोरच्याचा मोकळेपणा. कुठल्या कंपनीचा रोल होता हे कुणी विचारत नाही.

डिजिटल ठरलं असेल तर

इथे फार वेळ घालवत नाही कारण आजकाल वाईट डिजिटल कॅमेरा मिळणंच अवघड आहे. बॉडी जुनी चालेल, लेन्सवर पैसे घाला. सोबत येणारा १८-५५ चा लेन्स फिरायला ठीक, पोर्ट्रेटला ५० एमएम एफ १.८ घ्या (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि मागचं जास्त धूसर), सगळ्यांत स्वस्त चांगला लेन्स तोच असतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तो निकॉनला ७५ सारखा आणि कॅननला ८० सारखा वागतो, म्हणजे पोर्ट्रेटच्या जुन्या ८५ च्या मापाजवळ जातो. फुल फ्रेम, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर, असेल तर सरळ ८५.

एक खड्डा दाखवून ठेवतो, नवीन माणूस हमखास पडतो. निकॉनचे डी३५००, डी५६०० असे छोटे डीएसएलआर असतात, त्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर ५० एमएम १.८ डी हा जुना लेन्स लावला तर ऑटोफोकस होणार नाही, हाताने फिरवत बसायला लागेल, जी अक्षराचा घ्यायला लागतो. दुकानदार सांगेलच असं नाही. मिररलेस (आरसा नसलेला नवा प्रकार) घेताय तर डोळ्यावर आपोआप फोकस धरतो का ते दुकानातच एखाद्याला समोर उभं करून बघा, पोर्ट्रेटला त्याच्याएवढी उपयोगी सोय दुसरी नाही. जुना डीएसएलआर घेताय तर शटर किती वेळा पडलंय तो आकडा मागा. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली कच्ची फाइल) शूट करा, ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब एकाच खोलीत असेल तर चेहरा अर्धा हिरवा अर्धा केशरी येतो, तो थोडाफार सावरता येतो. खरा उपाय म्हणजे एक दिवा बंद करणे.

आणि एफ १.८ आहे म्हणून सतत १.८ वरच काढू नका हो. फुल फ्रेमवर ८५ एमएम, एफ १.८, दीड मीटर अंतर, ह्यात शार्प येणारी जागा साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीची असते. डोळा शार्प, नाकाचं टोक नाही, कान तर गेलेच. मान जरा तिरकी असेल तर दुसरा डोळासुद्धा गेला. एफ ४ वर या, मागचं तरीही छान धूसर राहतं.

रोलचा कॅमेरा ठरला असेल तर

नावं भरपूर आहेत, नवीन माणसाला मी तीन-चारच सांगतो. पेंटॅक्स के१०००, १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते. त्याला ऑनऑफचं बटण नाही बरं का, लेन्सवर टोपण घातलं नाही तर मीटर सेल खात बसतो. निकॉन एफएम२, हा पण मेकॅनिकल, १/४००० पर्यंत शटर, अफगाण मुलीचा तो हिरव्या डोळ्यांचा जगप्रसिद्ध फोटो अमेरिकन फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये ह्याच्यावरच काढला होता, १०५ एमएम लेन्स लावून. त्यामुळे त्याचे भाव डोक्यावर बसलेत, ते जाऊ दे. कॅनन एई-१ दिसायला देखणा आहे पण बॅटरी संपली की दगड, आणि शटर दाबताना खोकल्यासारखा आवाज आला तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा. चौथा यशिका मॅट १२४जी, मामांचा. त्यात उजवं डावीकडे दिसतं, पहिले दोन रोल तुम्ही माणसाला फ्रेममध्ये आणण्याऐवजी बाहेर घालवाल, सवयीने जमतं. १२० चा निगेटिव्ह ३५ पेक्षा कितीतरी मोठा असतो, चेहऱ्यावरचे टोन त्यात इतके सावकाश बदलत जातात की एकदा बघितल्यावर परत ३५ वर यायला नको वाटतं. पण पहिला कॅमेरा म्हणून मी के१००० च सांगेन.

मुंबईत फोर्टातली बोरा बाजार गल्ली, मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, इथे कॅमेरे दिसतात, पण चालू आणि शोभेचा ह्यात फरक करता आला पाहिजे. बघायला जाताना मोबाइलचा टॉर्च आणि नवीन बटणसेल खिशात ठेवा. लेन्स काढून त्यातून टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या कॅमेऱ्यात हे फार, चार महिने पावसाळा कातडी केसमध्ये बंद राहिलेला असतो (कातडी केस ओल धरते, घरी आणल्यावर पहिली ती वेगळी ठेवा आणि कॅमेरा सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात). मग मागचं झाकण उघडून एक सेकंदावर शटर टाका, "एक हजार एक" म्हणेपर्यंत उघडं राहिलं पाहिजे. मग १/१००० वर. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट आहेत का, पटकन मिटतात का ते बघा. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाला चिकटून डांबरासारखा निघाला तर उजेड आत शिरणार, हे मात्र घरी बदलता येतं, घाबरू नका. सेलच्या कप्प्यात हिरवा थर असेल तर भाव पाडा. आणि "रोल टाकून बघा साहेब, चालू आहे" ह्या वाक्यावर पैसे द्यायचे नाहीत.

दोन्ही करायचंय असं म्हणणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे आणि मी स्वतः तीच वापरतो. निकॉनचा तो ५० एमएम १.८ डी, ज्याला मी वर नावं ठेवली, त्याला अ‍ॅपर्चरची रिंग आहे, त्यामुळे तो एफएम२ वरही चालतो आणि डी७२०० किंवा डी७५० सारख्या मोटर असलेल्या डिजिटल बॉडीवर ऑटोफोकससकट चालतो. एक लेन्स, दोन बॉड्या, आधी डिजिटलवर उजेड जुळवायचा, माणूस सैलावला की तोच लेन्स काढून रोलवाल्यावर. जी वाला लेन्स एफएम२ वर लावू नका, रिंग नसल्यामुळे तो सगळ्यांत बारीक अ‍ॅपर्चरवर अडकून बसतो.

कुठला रोल, आणि आपलं ऊन

इथे लोक परदेशी व्हिडिओ बघून फसतात. तिकडचे सांगतात ४०० चा, म्हणजे आयएसओ ४०० चा, रोल घ्या, एफ २ ला काढा, बॅकग्राउंड वितळवा. तुम्ही नगरला एप्रिलमध्ये अकरा वाजता अंगणात उभे आहात. ४०० चा रोल, थेट ऊन, हिशोब येतो १/५०० ला एफ १६. के१००० चं शटर १/१००० वर संपतं, म्हणजे एफ ११ च्या पुढे उघडताच येत नाही, वितळणं सोडा, मागच्या तुळशीवृंदावनाची पानं मोजता येतील. डिजिटलमध्ये तुम्ही आयएसओ १०० करून मोकळे होता, रोलमध्ये एकदा घातला की ३६ फोटो तोच आकडा.

म्हणून माणसालाच उन्हातून हलवा. ओसरी, गोठ्याची सावली, शाळेचा व्हरांडा, बसस्टँडची शेड. अशा उघड्या सावलीत ४०० ला साधारण १/५०० एफ ५.६ मिळतं, आत सरकत गेलात की आणखी उघडता येतं. घरात मोठ्या खिडकीजवळ १/१२५ एफ २.८ च्या आसपास, म्हणजे ४०० चा रोल तिथेच खरा शोभतो. बाहेरच जास्त काढणार असाल तर कोडॅक गोल्ड २०० घ्या, कातडीवर जरा उबदार येतो, आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला छान दिसतो असं माझं मत. पोर्ट्रा ४०० नावातच पोर्ट्रेट घेऊन आलाय आणि आहेही तसाच, पण शिकताना त्याच्यावर पैसे घालवू नका. पहिला रोल मी ब्लॅक अँड व्हाइटच सांगतो, इलफोर्ड एचपी५ प्लस. चुका पोटात घालतो, ट्यूबलाइटच्या हिरव्याचा प्रश्नच नाही, आणि घरी धुता येतो.

आवडला एखादा रोल म्हणून त्याच्यावर जीव लावू नका मात्र. कोडाक्रोम हा कोडॅकचा गाजलेला रंगीत रोल २००९ मध्ये बंद झाला, त्याचा शेवटचा बनलेला रोल कोडॅकने त्याच मॅकरींना दिला, त्यांनी त्यातल्या काही फ्रेम मुंबईत येऊन अमिताभ आणि आमिरवर घालवल्या आणि रोल धुवायला पार अमेरिकेत कॅन्ससच्या लॅबमध्ये न्यावा लागला.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला रोल आणायला सांगत असाल तर चेक-इन बॅगेत अजिबात नको, तिथला एक्सरे जोराचा असतो. हातातल्या बॅगेत पारदर्शक पिशवीत ठेवून, हाताने तपासा म्हणून विनंती करायची, नवीन सीटी स्कॅनरही फिल्म खराब करतात. घरी आल्यावर फ्रिजमध्ये, आणि वापरायच्या तास-दीड तास आधी बाहेर, नाहीतर पाणी धरतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही.

मीटर चेहऱ्याचं घ्या, टोपीचं नाही

आजोबा पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागे अंधारं माजघर. किंवा उलट, सावळा चेहरा आणि मागे चुन्याची भिंत. कॅमेऱ्यातल्या मीटरला माणूस कळत नाही, त्याला दिसेल ते सगळं मध्यम राखाडी करायचं असतं. त्यामुळे पांढऱ्या भिंतीपुढे चेहरा काळा पडतो आणि अंधाऱ्या माजघरापुढे टोपी फाटते, म्हणजे नुसता पांढरा डाग होते.

सोपा उपाय: ज्या उजेडात चेहरा आहे त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरा, त्याच दिशेने, कॅमेरा जवळ नेऊन फक्त तळव्याचं मीटर घ्या आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवा. मीटर १/२५० म्हणालं तर १/१२५. माणसाचा रंग कुठलाही असो, तळवे साधारण सारखेच असतात, म्हणून हे सगळ्यांना चालतं.

ह्याच्यापुढे फिल्म आणि डिजिटलची चाल उलटी आहे. रंगीत निगेटिव्ह रोलला जास्त उजेड चालतो, दोन स्टॉपपर्यंत तो हसत खातो, पण एक स्टॉप कमी पडला तरी सावलीत चिखल होतो. म्हणून शंका आली की उजेड वाढवा, बरेच जण ४०० चा रोल २०० समजूनच काढतात. डिजिटलमध्ये पांढरं एकदा फाटलं की परत येत नाही, सावली मात्र ओढून वर काढता येते, तिथे शंका आली की कमी करा.

रोल भरताना, आणि माझी फजिती

चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण. मी नवा नवा फिल्मवाला, ऐटीत सांगितलं मोबाइल ठेवा सगळे, मी काढतोय. धनुष्यबाणाची आरास, फुलांचे दागिने, वहिनीचा चेहरा त्या दिवशी काय दिसत होता सांगता येत नाही. ३६ झाले, तरी कॅमेरा पुढे जातोय. ३७, ३८, ३९. चाळीसला पोटात गोळा आला. रोलचं टोक उजवीकडच्या फिरकीत अडकलंच नव्हतं, अख्खा कार्यक्रम मी रिकाम्या कॅमेऱ्याने शूट केला. वहिनी काही बोलल्या नाहीत, काकू अजून बोलतात.

म्हणून: सावलीत पाठ करून झाकण उघडा, टोक फिरकीत नीट खोचा, झाकण उघडं असतानाच एकदा पुढे ओढा, दोन्हीकडच्या दात्यांत भोकं बसलेली दिसली पाहिजेत. मग झाकण लावा आणि डावीकडची रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढिलाई काढा. आता लिव्हर ओढताना ती कळ आपोआप उलटी फिरते का बघा. फिरली तर रोल सरकतोय, नाही फिरली तर तिथेच थांबा. पहिले दहा रोल तरी प्रत्येक क्लिकनंतर त्या कळीकडे बघायची सवय लावा. आणि संपल्यावर रिवाइंड केल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे एकदा तरी उघडतात.

धुणं आणि निगेटिव्ह

रंगीत रोल लॅबलाच द्या. त्याचं डेव्हलपर (चित्र उमटवणारं औषध) ३७.८ अंशावर धरायला लागतं, सव्वातीन मिनिटं, अर्ध्या अंशाची चूक चेहऱ्याच्या रंगात दिसू शकते. ब्लॅक अँड व्हाइट घरी करा, मजा आहे. एचपी५ डी-७६ नावाच्या डेव्हलपरमध्ये २० अंशाला साडेसात मिनिटं, अर्धं पाणी घातलं तर ११. आता २० अंश म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात नळाला येणारं पाणी नाही, ते तिशीच्या पुढे असतं, तर बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून भांड्याच्या बाहेरून लावा, औषधात थेट टाकू नका, पातळ होतं.

स्कॅन सांगताना लॅबला दोन गोष्टी बोला. शार्पनेस आणि कॉन्ट्रास्ट कमी ठेवा, नाहीतर ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) आणि पुळ्या दोन्ही टोचतात. आणि आकार किमान ३००० बाय २००० पिक्सेल, त्यात १२ बाय ८ इंचांचा प्रिंट चांगला निघतो. स्कॅन बघून "मला फिल्मचा रंग आवडत नाही" असं ठरवायच्या आधी तोच रोल दुसरीकडे स्कॅन करून बघा, तुम्ही बघताय तो रंग अर्धा रोलचा आणि अर्धा स्कॅनवर बसलेल्या माणसाचा असतो.

निगेटिव्ह मागून परत घ्या. स्कॅन मेलवर आले की बरेच जण ते आणायला जातच नाहीत, आणि काही महिन्यांनी लॅब टाकून देते. सहा-सहाच्या पट्ट्या कापून पाकिटात घाला आणि पाकिटावर नाव-तारीख पट्ट्या घालायच्या आधी लिहा, नाहीतर बॉलपेनचा दाब आत उमटतो. मामांच्या दुकानातली पाकिटं अशीच होती, पेन्सिलने नंबर आणि गावाचं नाव. दुकान बंद झालं तेव्हा ती चार पत्र्याच्या पेट्यांत भरून माळ्यावर ठेवली, अजून कधीतरी सावळजचं नाहीतर कवठ्याचं कुणीतरी येतं, आमच्या वडिलांचा एकच फोटो होता आणि पाण्यात गेला, तुमच्याकडे काच, म्हणजे निगेटिव्ह, असेल का म्हणून विचारतं. मामा शिडी लावायला सांगतात.